दहाचे आठ झाले: माझ्या पहिल्या केस रिपोर्टची गोष्ट

माझा पहिला केस रिपोर्ट, म्हणजे एका पेशंटच्या आजाराची वैद्यकीय नियतकालिकासाठी लिहिलेली हकिगत, छापून यायला चौदा महिने लागले. त्यात लिहिण्याचे फार तर तीन आठवडे. बाकीचे दिवस लिहिलेलं खोडण्यात गेले.

काकू (वॉर्डात आम्ही सगळेच त्यांना काकू म्हणायचो) तिसऱ्यांदा भरती झाल्या तेव्हा मी मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट होते. सणकून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, मान लाकडासारखी ताठ. दीड वर्षात हेच तिसऱ्यांदा. पाठीतलं पाणी काढलं, तर ६४० पेशी आणि त्यात ८२ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. असं पाणी पाहिलं की कुणीही जिवाणूंचा मेनिंजायटिस (मेंदूभोवतीच्या आवरणांची सूज) धरूनच चालतो, आणि चालायलाच हवं. अँटिबायोटिकला उशीर झाला तर माणूस हातचा जातो. आधीच्या दोन्ही वेळी तेच झालं होतं: इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स आणि काकू बऱ्या होऊन घरी. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, दोन्हीदा काहीही उगवलं नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर शेरा होता, 'अर्धवट उपचार झालेला मेनिंजायटिस'. म्हणजे भरती व्हायच्या आधी कुठलं तरी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल, म्हणून जंतू सापडले नाहीत, असा अंदाज. फार सोयीचा शेरा आहे हा. एकदा लिहिला की पुढे कुणी डोकं चालवत नाही.

मला खटकत होती ती पाण्यातली साखर. ती होती ५८ आणि त्याच वेळी रक्तातली १०४, म्हणजे निम्म्याहून जास्त. जिवाणू असतील तर हे प्रमाण बहुतेक वेळा ०.४ च्या खाली जातं. जुन्या फायली काढल्या; आधीच्या दोन्ही वेळीही साखर अशीच चांगली होती. मग पुन्हा पुन्हा होणाऱ्या मेनिंजायटिसची सगळी यादी आम्ही पालथी घातली. कवटीला कुठे बारीक भोक पडून पाणी झिरपतंय का, रक्तातले कॉम्प्लिमेंट (जंतूंशी लढणारी प्रथिनं) कमी आहेत का, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) आहे का, की मोलारे या फ्रेंच डॉक्टरांनी १९४४ मध्ये वर्णन केलेला तो प्रकार, ज्याच्या मागे बऱ्याचदा हर्पिसचा विषाणू निघतो? स्कॅन, विषाणू शोधणारं पीसीआर, ल्युपससाठीची एएनए, सगळं साफ.

उत्तर सापडलं ते चष्मा शोधताना. रात्रपाळीच्या सिस्टर काकूंच्या पिशवीत चष्मा शोधत होत्या, हाताला गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप लागली.

"ह्या कशाच्या, काकू?"

"गुडघ्याच्या. लागल्या तर घेते कधीमधी."

स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत दोन औषधं होती, त्यातलं एक आयबुप्रोफेन, नेहमीचं वेदनाशामक. भरतीच्या दिवशी दुपारी त्यांनी त्यातल्या दोन घेतल्या होत्या आणि संध्याकाळी ताप चढला होता. मी भरतीच्या वेळी विचारलं होतं, "कुठली औषधं चालू आहेत?" त्यांनी सांगितलं होतं, "बीपीची एक." त्यांचं उत्तर बरोबर होतं. गुडघ्याची गोळी 'चालू' नव्हतीच मुळी.

कल्चर स्वच्छ आल्यावर अँटिबायोटिक बंद केलं, गोळीही बंदच होती, आणि काकू दोन-तीन दिवसांत उठून वॉर्डात फिरू लागल्या. औषधामुळे होणारा, जंतूंशिवायचा मेनिंजायटिस. राउंडला युनिटचे सर म्हणाले, "लिहून काढ."

दोन शब्द. मी हवेत. १९६१ च्या डिसेंबरमध्ये मॅकब्राइड नावाच्या डॉक्टरचं एक छोटंसं पत्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या आयांच्या बाळांच्या हातापायांतल्या व्यंगांकडे जगाचं लक्ष गेलं. ५ जून १९८१ ला लॉस एंजेलिसच्या पाच रुग्णांची हकिगत छापून आली, ती एड्सची पहिली अधिकृत नोंद. कॉलेजात हे सगळं ऐकलेलं, त्यामुळे त्या रात्री मी लॅपटॉप उघडला तो जवळजवळ इतिहास घडवायलाच.

अर्ध्या तासात जमिनीवर आले. आयबुप्रोफेनने मेनिंजायटिस होतो हे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून लिहिलं जातंय, विशेषतः ल्युपसच्या रुग्णांमध्ये. पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत) केसेसची रांग लागली. तोंड पाडून सरांकडे गेले, तर ते म्हणाले, "पहिली नाहीस, ठीक आहे. मग तुझ्या केसमध्ये सांगण्यासारखं काय आहे ते एका वाक्यात आण." ते वाक्य जुळायला चार दिवस लागले: क्वचित घेतलेली दुखण्याची गोळी औषधांच्या हिस्ट्रीत (पेशंटला विचारून लिहिलेल्या माहितीत) येत नाही, आणि 'अर्धवट उपचार' हा शेरा ती सापडूही देत नाही. पुढे मजकुरातलं बरंच काही उडालं, हे वाक्य टिकलं.

खरं तर सगळ्यात आधी संमती घ्यायची असते. मी ती मसुदा अर्धा झाल्यावर घेतली आणि त्यावरून ओरडा खाल्ला. भरतीच्या वेळी सही केलेला उपचारांच्या संमतीचा कागद इथे चालत नाही. छापण्यासाठीची संमती वेगळी, तीही पेशंटला नाही म्हणायला वाव ठेवून घेतलेली. आमच्याकडे एकाच केससाठी एथिक्स कमिटीची पूर्ण मंजुरी लागत नव्हती, पण 'लागत नाही' असं त्यांचं पत्र मात्र लागत होतं. ओळख लपवावी म्हणून मी शहाणपणाने काकूंचं वय दोन वर्षांनी कमी केलं होतं. सरांनी ते खोडलं. "जे सांगायचं नसेल ते वगळ. बदलू नकोस." मग वय 'पन्नाशीच्या पुढे' इतकंच राहिलं. आणि स्कॅनच्या चित्राच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या अक्षरांत, काकूंचं पूर्ण नाव तसंच होतं. ते माझ्या ज्युनिअरला दिसलं, मला नाही.

केस रिपोर्ट कसा लिहावा याची 'केअर' नावाची नियमावली आहे, २०१३ ची, तेरा मुद्द्यांची. मला वाटलं, एक फॉर्म, भरून टाकू. त्यात घटनाक्रमाचा तक्ता मागतात. कुठल्या तारखेला काय झालं ते रकान्यांत मांडायचं. परिच्छेदात 'पेशंटला यापूर्वी असे दोन प्रसंग येऊन गेले' असं लिहिलं की ते सहज वाटतं. तक्त्यात तेच तीन ओळींत उभं राहिलं आणि प्रत्येक ओळीत एक रकाना रिकामा: 'वेदनाशामकाबद्दल विचारलं का?' पहिल्या भरतीत नाही, दुसऱ्या भरतीत नाही, तिसऱ्या भरतीत पहिले दोन दिवस नाही. दुसऱ्या भरतीत हिस्ट्री घेणारी रेसिडेंट मीच होते. अक्षर माझंच. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही.

मग नारान्हो यांची पद्धत, १९८१ ची. त्रास औषधानेच झाला का हे ठरवायला दहा प्रश्न, प्रत्येकाला गुण. नऊ किंवा जास्त आले तर 'निश्चित', पाच ते आठ आले तर 'बहुधा'. मी बेरीज केली, दहा आले. शीर्षकात 'निश्चित' घातलं आणि पाठवून दिलं.

पहिल्या नियतकालिकाने चार दिवसांत परत पाठवलं: नावीन्य पुरेसं नाही. दुसऱ्याने सात आठवड्यांनी, कारण न देता. याच काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची '४८ तासांत प्रकाशन' अशी मेलं यायला लागली, 'आदरणीय प्राध्यापक' अशा मायन्याने. मी रेसिडेंट. एका रात्री वैतागून त्यातल्या एकाला उत्तर टाईप केलं होतं, पाठवलं नाही इतकंच.

तिसरीकडून दोन परीक्षकांची मतं आली. पहिल्याने विचारलं, खात्रीसाठी औषध पुन्हा देऊन पाहिलं का? नाही, आणि देणारही नव्हतो. काकूंनी न कळत ते आधीच केलं होतं. दुसऱ्याचा प्रश्न तीन ओळींचा होता, पण तो वाचून मी खुर्चीत मागे टेकले. मेनिंजायटिसची सुरुवात डोकेदुखीने होते, डोकं दुखलं की माणूस गोळी घेतो. मग गोळीमुळे आजार झाला की आजार सुरू झाला म्हणून गोळी घेतली? प्रत्येक प्रसंगात गोळी कशासाठी घेतली आणि डोकेदुखी त्यानंतर किती तासांनी आली, ते लिहा.

फायलीत हे कुठेही नव्हतं. काकूंना फोन केला, त्या फॉलोअपला आल्यावर शांतपणे बसलो. तिसऱ्या वेळचं स्पष्ट होतं: गुडघा, दुपारी गोळ्या, तीन-चार तासांनी थंडी वाजून ताप, मग डोकं. दुसऱ्या वेळी पायऱ्या उतरताना पाय मुरगळला होता, म्हणून दोन दिवस घेतल्या, दुसऱ्या दिवशी भरती. मी भराभर लिहीत होते.

"आणि पहिल्या वेळी, काकू? गुडघाच ना?"

त्या थांबल्या. "ते नाही आठवत. तुम्हाला हवं असेल तर गुडघा म्हणते."

माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, नको, आठवत नाही असंच लिहिते.

त्या परीक्षकाचं आणखी एक म्हणणं होतं. आधीच्या दोन भरतींत विषाणूंचं पीसीआर झालंच नव्हतं, मग 'दुसरं कारण नाही' या प्रश्नाला पूर्ण दोन गुण कसे घेतलेत? शून्य घातला. दहाचे आठ झाले. 'निश्चित' गेलं, 'बहुधा' आलं, आणि पहिल्या प्रसंगापुढे 'औषधाशी संबंध ठरवता येत नाही'. माझी सुंदर तीन प्रसंगांची केस अडीच प्रसंगांची झाली. त्या रात्री मी त्या अनोळखी परीक्षकाला मनातल्या मनात पुष्कळ काही बोलले. आता वाटतं, चौदा महिन्यांत त्या केसवर सगळ्यात नीट विचार त्यानेच केला.

लेखकांच्या नावांचा घोळ थोडक्यात. ज्यांनी मसुदा वाचलाही नव्हता अशा एका वरिष्ठांचं नाव घालावं असं सुचवण्यात आलं. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: कामात खरा वाटा, मजकूर लिहिणं किंवा त्याची चिकित्सा, अंतिम प्रतीला मान्यता, आणि सगळ्याची जबाबदारी. सरांनी ते पान छापून संबंधितांच्या टेबलावर ठेवलं, विषय मिटला. उलट स्ट्रिप शोधणाऱ्या सिस्टरना मी फक्त आभारांत टाकलं होतं. सर म्हणाले, त्यांनी मसुदा वाचला नाही, कारण तू दिलाच नाहीस. त्याच नियमांत लिहिलंय की संधीच न देता कुणाला बाहेर ठेवू नये. दिला. सिस्टरनी दोन दिवसांत वाचून स्ट्रिप सापडल्याची तारीख दुरुस्त केली (मी एक दिवस आधीची लिहिली होती) आणि त्यांचं नाव लेखकांत आलं.

एक चूक मात्र दुरुस्त करता आली नाही. औषधाचा दुष्परिणाम औषध-सुरक्षा यंत्रणेला कळवायचा असतो, आणि त्यासाठी नुसता संशय पुरतो. छापून येण्याची वाट बघायची नसते. मी तो फॉर्म भरला तो स्वीकृतीचं पत्र आल्यावर, म्हणजे वर्षभराने. भरायला वीस मिनिटं लागली.

'केअर'मध्ये पेशंटचं म्हणणं पेशंटच्या शब्दांत द्यायला जागा असते. काकूंनी चार वाक्यं सांगितली. त्यातलं एक होतं, "मला सगळ्यांनी विचारलं काय होतंय, घरी काय काय घेते ते तिसऱ्या वेळेला कळलं, तेही पिशवीतून." युनिटमधल्या कुणीतरी ते जरा मऊ करा असं सुचवलं. मी काही केलं नाही. जसंच्या तसं छापलं गेलं.

प्रत घेऊन त्यांना भेटले तेव्हा त्यांनी आधी तक्ता पाहिला, कुठली ओळ कुठल्या भरतीची ते बोट ठेवून विचारलं, पहिल्या ओळीवर मान हलवली. मग पर्समधून एक न फोडलेली स्ट्रिप काढून माझ्यापुढे धरली. दाढ काढल्यावर दिली होती म्हणे, आणि चिठ्ठीवर गोळीचं नाव वेगळंच होतं.

मी उलटी करून वाचली. आयबुप्रोफेन, ४०० मिलिग्रॅम.

"वाटलंच मला," काकू म्हणाल्या, आणि प्रत दुमडून पर्समध्ये ठेवली.