९२७ खिडक्या : हिल स्ट्रीट ठाणं, नोंद सहावी

खिडक्या ६१२ झाल्या, ३१५ बाकी. मागच्या नोंदीत ६४० झाल्या होत्या. आकडा चुकलेला नाही, २८ उखडाव्या लागल्या.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : सिंगापूरच्या जुन्या हिल स्ट्रीट पोलीस ठाण्याची प्रतिकृती करतोय, १:२०० प्रमाणात, कार्डबोर्डमध्ये. १९३४ साली बांधून झालं तेव्हा तिथली सगळ्यात मोठी सरकारी इमारत हीच होती. आराखडा फ्रँक डॉरिंग्टन वॉर्ड यांचा. पुढे कलांग विमानतळ आणि सुप्रीम कोर्टही त्यांनीच केलं. सहा मजल्यांत ठाणं आणि पोलिसांची बायकापोरांसह राहायची सोय. थोडक्यात आपली पोलीस लाइन, फक्त उभी रचलेली.

१९३४चं रूप करायचं की आजचं, यात माझा पावसाळा गेला. जुने फोटो कृष्णधवल, झडपांचा रंग कळायला मार्ग नाही. शेवटी आजचं इंद्रधनुषी रूपच घेतलं. १९८० साली पोलीस गेले, १९८३पासून पुराभिलेख खातं आलं, १९९८ साली राष्ट्रीय स्मारक ठरलं आणि मग १९९९-२००० सालच्या नूतनीकरणात झडपांना हे रंग चढले. तेव्हापासून मंत्रालयाची कचेरी. नाव मंत्रालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मिता’, पुढे ‘मायका’; पोलिसांनी सोडलेल्या घराला हे नाव म्हणजे कमालच! २०१२ साली पुन्हा जुनं नाव मिळालं.

आता त्या २८. खालच्या चार मजल्यांवर रंग एकसारखे, पाचव्या-सहाव्यावर मात्र भडक होत जातात. त्यामुळे वरचे सज्जे उठून दिसतात. मला हे माहीत होतं, तरी रात्री साडेअकराला खालच्या मजल्यांसाठी पांढरा घालून कालवलेल्या हिरव्याचीच वाटी पाचव्याला वापरली. सकाळी उजेडात पाहिलं तर सज्जा भिंतीत विरघळलेला. इयरबडने कोमट पाणी लावून फेविकॉल सैल केला, ब्लेडच्या टोकाने एकेक झडप उचलली. नऊ मिलिमीटरची झडप चिमट्यातून उडाली की फरशीवर हुडकत बसायचं. दोन ठिकाणी कार्ड फुगलं. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला, तरी तिरप्या उजेडात दिसतंच.

घाई असेल तर छापील खिडक्या चिकटवा, कोणी हसणार नाही. पण मला वाटतं, या इमारतीत खिडकीची सावली गेली की उरतो नुसता खोका.

पुढचं काम अंगणाचं. पूर्वी तिथे कवायत व्हायची. नूतनीकरणात वर काच आली आणि आत वातानुकूलित दालन झालं. माझं छप्पर उचलता येईल असं करतोय, म्हणजे हवं तेव्हा कवायतीचं मैदान उघडं. ॲक्रिलिक कापून ठेवलंय, पण चिकटवताना त्याच्यावर पांढरट धुरी धरते. कोणी यावर काही केलं असेल तर सांगा.