चारच छायाचित्रे

रविवार, रात्र

विषय ‘श्रद्धा’, रंगीत विभाग, प्रत्येकी जास्तीत जास्त चार छायाचित्रे आणि मुदत महिनाअखेरपर्यंत. छायाचित्रकार मंडळाच्या स्पर्धेची ही एवढीशी सूचना वाचून मी आज दुपारी कपाटातला कॅमेरा बाहेर काढला आणि त्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. गेली काही वर्षे तो घरच्या बारशा-मुंजींपुरताच बाहेर येत असे. वेळ मिळत नाही, हे कारण मी इतरांना सांगत आले. पण खरे पाहता टिपलेल्या छायाचित्राचे पुढे काय करायचे याचे उत्तर माझ्याकडे उरले नव्हते. हार्ड डिस्क भरत होती आणि ती उघडून पाहावी असे काहीच घडत नव्हते. स्पर्धेने निदान एक गरज निर्माण केली: एका ठरावीक तारखेला, मला न ओळखणारी तीन माणसे माझी चार छायाचित्रे पाहणार आहेत.

श्रद्धा म्हटल्यावर हात आपोआप जेजुरीच्या फोल्डरकडे गेला. सोमवती अमावास्येला आम्ही हडपसरहून पहाटे निघून गडावर जायचो, दीपमाळांच्या आसपास जागा धरायचो आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून भंडारा उधळला जाण्याची वाट पाहायचो. गडावर असताना लेन्स बदलायची नाही, हा नियम तिथे प्रत्येक जण एकदा तरी सेन्सर साफ करून घेतल्यावरच शिकतो. आज ती सारी छायाचित्रे ओळीने पाहिली आणि थक्क झाले. पिवळा धुरळा, वर झालेले हात, मधोमध पालखीचे टोक. वर्ष बदलते, पण चित्र तेच राहते. पुष्कळ ठिकाणी तर पिवळ्या रंगाचा नुसता सपाट पत्रा झाला आहे, कारण उन्हातल्या हळदीत लाल वाहिनी (कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे रंग वेगवेगळे नोंदवतो, त्यांतली लाल रंगाची नोंद) सर्वांत आधी भरून जाते आणि कॅमेऱ्याचा एकत्रित उजेडाचा आलेख मात्र सारे ठीक असल्याचे दाखवत राहतो.

ही एकसुरी छायाचित्रे माझ्या एकटीची नाहीत. स्पर्धांच्या जगात जेजुरीचा पिवळा रंग, वाराणसीचे घाट, पुष्करचे उंट आणि वारीतले रिंगण ही चलनी नाणी झाली आहेत. परीक्षकांसमोर एका बैठकीत शेकडो, मोठ्या सलॉनमध्ये, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनांत, हजारो छायाचित्रे येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षणच येतात. अशा वेळी मोठ्याने बोलणारे चित्र पुढे सरकते. फियाप या छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेच्या सलॉनमध्ये निवडल्या गेलेल्या छायाचित्रांच्या संख्येवर पदव्या मिळतात, त्यामुळे आमच्यातील काही जण ॲक्सेप्टन्स, म्हणजे निवडली गेलेली छायाचित्रे, मोजण्यातच गुंतलेले असतात. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, त्यांची तांत्रिक शिस्त माझ्यापेक्षा कितीतरी वरची आहे. मात्र स्पर्धेसाठीच छायाचित्र काढायचे ठरवले की आधी निवडून आलेले चित्रच पुन्हा काढण्याचा मोह किती बळावतो, हे आज माझ्याच फोल्डरमध्ये स्पष्ट दिसले.

मंगळवार

नियमावली नीट वाचून काढली. कंटाळवाणी असेल या समजुतीने इतकी वर्षे मी ती चाळून सोडून देत असे, पण स्पर्धेच्या जवळजवळ प्रत्येक कलमामागे कुठेतरी घडलेले एखादे प्रकरण उभे असते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला सर्वोच्च मान मिळाला आणि पुढच्याच जानेवारीत तो काढून घेण्यात आला, कारण तो लांडगा माणसाळवलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला होता. छायाचित्रकाराने मात्र तो आरोप नाकारला. सोनी जागतिक छायाचित्रण पुरस्कारांत २०२३ साली बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली प्रतिमा पाठवली, ती विजेती ठरली आणि त्याने बक्षीस नाकारले. लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत एका छायाचित्रकाराने उलट वाट धरली आणि फ्लेमिंगोचे खरेखुरे छायाचित्र कृत्रिम प्रतिमांच्या विभागात पाठवून बक्षीसही मिळवले. खरे असल्याचे कळताच ते बाद झाले. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली प्रक्रिया न केलेली फाइल, मागणारे कलम आता मला जाचक वाटत नाही.

हक्कांचे कलमही वाचले. आयोजकांना प्रदर्शन आणि स्मरणिकेपुरता वापर करता येईल, एवढेच त्यात आहे. छायाचित्रे हवी तिथे, हवी तितकी वर्षे, मोबदल्याविना वापरण्याची मुभा मागणाऱ्या स्पर्धा मी सोडून देते, मग बक्षीस कितीही मोठे असो.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचे कलम वेगळेच निघाले: घडलेल्या दृश्यात भर घालायची नाही आणि त्यातून काही पुसायचेही नाही. दुपारी गड ओसरल्यावर अंगणातला भंडारा झाडून ढीग लावणाऱ्या एका माणसाचे छायाचित्र माझ्याकडे आहे. ढिगाशेजारी पाण्याची रिकामी बाटली पडलेली आहे, म्हणूनच ते कधी कुणाला दाखवले नव्हते. आता ती पुसता येणार नाही म्हटल्यावर छायाचित्राकडे नव्याने पाहावे लागले, तेव्हा लक्षात आले की बाटली नसती तर तो ढीग किती मोठा आहे याचा अंदाजच आला नसता.

शुक्रवार

वन्यजीव छायाचित्रकार नयन खानोलकरांचे ते बिबट्याचे छायाचित्र आज पुन्हा पाहिले. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्तीच्या अरुंद बोळातून बिबट्या चालत येतो आहे आणि घरांच्या दारांतला उजेड त्याच्या अंगावर पडल्यासारखा दिसतो. बोळातल्या नेहमीच्या उजेडात मिसळून जावेत अशा बेताने त्यांनी फ्लॅश लावले होते आणि मनासारखी चौकट मिळायला चार महिने लागले. २०१६ साली लंडनच्या त्याच स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक या छायाचित्राला मिळाले. बिबट्या तिथे रोज येत होता म्हणून ते मिळाले असे म्हणणारेही भेटतात. पण बोळही रोज तिथेच होता आणि त्या बोळाला चित्राचा विषय मानणे हेच कठीण काम होते.

त्या धडाक्यात निवड पुरी केली. उधळणीचे एकही छायाचित्र ठेवले नाही. झाडणारा माणूस पहिला. पायथ्याच्या दुकानात, दिवा लावून पहाटे भंडाऱ्याच्या पिशव्या भरणारी दोन मुले दुसरी. पायऱ्यांवर, बाणाईच्या देवळापाशी, पदराच्या टोकाने बाळाच्या कानातली हळद पुसणारी आई तिसरी. ही तिन्ही मी त्या वेळी जाता-येता, जवळजवळ नकळत टिपली होती; ज्यांच्यासाठी पहाटे उठले, त्यांपैकी मात्र एकही उरले नाही.

चौथ्यावर गाडी अडली. पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते तिथले काहीतरी हवे होते, कारण सोमवतीचा खरा सोहळा नदीवरच पुरा होतो. आणि शोधल्यावर हाती लागली ती नुसती गर्दीची, लांबून काढलेली दृश्ये. पालखी येण्याआधी काठावर काय चालते, परतल्यावर कोण मागे राहते, याचे माझ्याकडे काहीही नाही. त्यामुळे तीनच छायाचित्रे पाठवली, शीर्षके साधी ठेवली आणि अर्ज पुरा केला. निकाल लागेल तेव्हा लागेल. दिनदर्शिकेत पुढची सोमवती पाहून ठेवली आहे. त्या दिवसाची रजा उद्याच टाकायची, ५० मिमीची एकच लेन्स घ्यायची आणि गड न चढता थेट नदीवर जायचे.