शिकाऊ स्कूबा डायव्हरचा अपघात विमा : पॉलिसी शोधण्यापासून क्लेमपर्यंत

स्कूबाच्या, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली उतरण्याच्या, ओपन वॉटर या सुरुवातीच्या कोर्सला नाव घातलं आणि डाइव्ह स्कूलकडून फॉर्मांचा गठ्ठा आला. वैद्यकीय प्रश्नावली, जोखीम मान्य असल्याचं संमतिपत्र, सुरक्षिततेच्या नियमांवर सही. विम्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. विचारलं, तर उत्तर मिळालं, "काळजी करू नका, आमचा विमा आहे."

ते खोटं नव्हतं, पण मी विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. स्कूलचा आणि इन्स्ट्रक्टरचा विमा असतो तो उत्तरदायित्वाचा. त्यांच्या हलगर्जीमुळे कुणाला इजा झाली आणि तसं सिद्ध झालं, तर भरपाईचा बोजा त्यांच्या अंगावर पडू नये म्हणून तो काढलेला असतो. कुणाचीच चूक नसताना माझ्या कानाला इजा झाली, तर त्यातून माझं बिल भरलं जाणार नाही. आणि पाण्याखालच्या कितीतरी दुखापती अशाच, कुणाचा दोष नसताना होतात. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने हा फरक आधी समजून घ्यावा असं मला कळकळीने वाटतं, कारण कोर्सच्या उत्साहात तो सहज नजरेआड होतो.

मग घरातल्या पॉलिस्या बाहेर काढल्या. आरोग्य विम्याच्या अपवादांमध्ये साहसी खेळ सरळसरळ लिहिलेले होते, तिथला विषय संपला. वैयक्तिक अपघात विम्याने मात्र बराच वेळ घेतला. त्यात अपघाताची व्याख्या होती : बाह्य, हिंसक आणि दृश्य कारणामुळे अचानक घडलेली घटना. अशी व्याख्या बऱ्याच पॉलिस्यांत असते. पाय घसरून पडणं तिच्यात चपखल बसतं. डायव्हिंगमधल्या दुखापती नाही बसत. डिकम्प्रेशन सिकनेसमध्ये, ज्याला डायव्हर 'बेंड्स' म्हणतात, शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. धडक नाही, जखम नाही, बाहेरून दिसणारं काहीच नाही. लक्षणं कधी कधी वर आल्यावर काही तासांनी सुरू होतात, तोवर माणूस कोरडे कपडे घालून मुक्कामावर पोचलेला असतो. हा अपघात की आजार, असा वाद विमा कंपनी घालू शकते. म्हणून पॉलिसीत डिकम्प्रेशन सिकनेस, एअर एम्बोलिझम (रक्तात हवेचे बुडबुडे शिरणं) आणि बॅरोट्रॉमा (दाबातल्या फरकाने कान, सायनस किंवा फुप्फुसाला होणारी इजा) ही नावं स्पष्ट छापलेली हवीत, हे मी तेव्हाच ठरवलं.

उपचाराचा खर्चही डोक्यात होता. बेंड्सवर खरा इलाज म्हणजे हायपरबेरिक चेंबर. तिथे रुग्णाला दाबाखाली ठेवून शुद्ध ऑक्सिजन देतात. सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूएस नेव्ही टेबल 6 या उपचाराच्या ठरलेल्या वेळापत्रकात सुरुवातीचा दाब 18 मीटर खोल पाण्यातल्या दाबाइतका असतो आणि एक सत्र पावणेपाच तास चालतं. गरज पडल्यास सत्रं पुन्हा द्यावी लागतात. असे चेंबर मोजक्याच ठिकाणी असतात. तिथवर नेण्याचा खर्च उपचाराइतकाच जड होऊ शकतो, कारण विमानातल्या कमी दाबाने बुडबुडे फुगतात आणि रुग्णाला कमी उंचीवरून किंवा केबिनमधला दाब राखून न्यावं लागतं.

प्रवास विम्यात जादा हप्ता भरून डायव्हिंग जोडता येत होतं. नियमावलीत मात्र वाक्य होतं की विमाधारकाकडे वैध प्रमाणपत्र हवं. ते मिळवण्यासाठीच तर मी निघाले होते. फोनवर सांगण्यात आलं, "मॅडम, इन्स्ट्रक्टर सोबत असेल तर चालतं." मी म्हटलं, हेच मेलवर लिहून द्या. लेखी उत्तर आलं त्यात इन्स्ट्रक्टरचा उल्लेखच नव्हता, नियमावलीतलं तेच कलम पुन्हा चिकटवलेलं होतं. ती पॉलिसी मी सोडून दिली.

शेवटी फक्त डायव्हरांसाठी असलेल्या विम्याकडे वळले. या क्षेत्रातलं जुनं नाव म्हणजे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे 'डॅन'. 1980 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. त्यांची तातडीची हेल्पलाइन सदस्य नसलेल्या डायव्हरलाही वैद्यकीय सल्ला देते, पण बिल भरण्यासाठी विमा वेगळा लागतो. अशा खास विम्यांमध्ये विद्यार्थ्यांसाठीही योजना असतात आणि काही इन्स्ट्रक्टरमार्फत सुरू होतात. तेव्हा इन्स्ट्रक्टरला आधी विचारावं.

मी निवडलेल्या कंपनीला पैसे भरण्याआधी एक लांबलचक मेल पाठवला. प्रमाणपत्र नसलेल्या, प्रशिक्षण घेणाऱ्या व्यक्तीला संरक्षण आहे का? जलतरण तलावातले सराव त्यात येतात का? हा प्रश्न काहींना फाजील वाटेल. पण दाबाची हवा छातीत भरून श्वास रोखला आणि माणूस तसाच वर आला, तर जेमतेम सव्वा मीटर पाण्यातही फुप्फुसाला इजा होऊ शकते. तलाव उथळ म्हणून निर्धास्त राहता येत नाही. खोलीची मर्यादा किती, हेही विचारलं. ओपन वॉटर कोर्स 18 मीटरपर्यंतच नेतो, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. शेवटचा प्रश्न मुदतीचा. लक्षणं उशिरा दिसू शकतात, शिवाय अनेक डाइव्ह झाल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबावं असा सल्ला दिला जातो. म्हणून पॉलिसीची अखेरची तारीख शेवटच्या डाइव्हच्या दिवसाची न ठेवता पुढे ढकलून घेतली. सगळ्या उत्तरांची प्रिंट काढून पॉलिसीला टाचली.

आता वैद्यकीय प्रश्नावली. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. सगळ्यांना 'नाही' म्हटलं की डॉक्टरची सही लागत नाही. मला सायनसचा त्रास वरचेवर होतो, त्यामुळे नाक-कान-डोळ्यांच्या प्रश्नापुढे 'होय' आलं, मागच्या पानावर पुन्हा 'होय' आणि मग डॉक्टरकडे जाणं आलं. बॅचमधल्या एकीने सुचवलं, "नाही लिहून टाक ना, कोण बघतंय!" पटलं नाही. पाण्याखाली कान आणि सायनस माझेच असणार होते. ईएनटी डॉक्टरांनी तपासून, सर्दी असताना पाण्यात उतरायचं नाही असं बजावून, डायव्हिंगसाठी योग्य असल्याची सही दिली.

समुद्रातल्या प्रशिक्षणात एकदा दोर धरून खाली जाताना डावा कान मोकळा होईना, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब जुळेना. शरीरावरचा एकूण दाब पहिल्या दहा मीटरमध्येच दुप्पट होतो, त्यामुळे कानाची खरी परीक्षा वरच्या थरातच असते. कानाचा बॅरोट्रॉमा ही डायव्हरांची सगळ्यात नेहमीची दुखापत आहे. मी हाताने कानाची खूण केली, इन्स्ट्रक्टरने लगेच थांबवून थोडं वर घेतलं, पुन्हा प्रयत्न केला, आणि जमत नाही म्हटल्यावर सावकाश पृष्ठभागावर आणलं. मास्क काढला तर आतल्या काचेवर फिकट लाल थेंब होता आणि नाकातून रक्ताची बारीक रेघ. कानात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. चक्कर नव्हती, हे नशीब.

बोटीवरून उतरताच पॉलिसीवरच्या तातडीच्या नंबरवर फोन लावला. दवाखान्यात जाण्याआधी कळवायचं ही अट मी वाचलेली होती. पलीकडच्या डॉक्टरांनी लक्षणं, खोली, वेळ विचारली, चक्कर आणि ऐकू येणं याबद्दल दोनदा विचारलं आणि क्लेमचा नंबर दिला. ईएनटीत तपासणी झाली. पडदा लालबुंद, मागे थोडं पाणी, छिद्र मात्र नाही. औषधं आणि काही आठवडे पाण्याबाहेर.

क्लेमसाठी बिलं आणि रिपोर्ट तर लागलेच. इन्स्ट्रक्टरने त्याच दिवशी घटनेची नोंद लिहून सही केली होती, ती फार उपयोगी पडली. लॉगबुकाचं पानही पाठवलं, खाऱ्या पाण्याने कोपरा फुगलेलं, पण त्यावर खोली, वेळ आणि इन्स्ट्रक्टरची सही स्वच्छ वाचता येत होती. कंपनीकडून दोन शंका आल्या. एक, प्रमाणपत्राचा क्रमांक कुठे आहे? त्यावर टाचून ठेवलेला मेल आणि मी त्यांची विद्यार्थिनी असल्याचं स्कूलचं पत्र पाठवलं. दुसरी शंका जास्त गंभीर होती : हा जुन्या सायनसचाच त्रास कशावरून नाही? इथे ती प्रश्नावली कामी आली. त्रास मी लपवलेला नव्हता, कोर्सआधी तपासणी झाली होती आणि डॉक्टरची सही दुखापतीच्या आधीच्या तारखेची होती. तिथे 'नाही' लिहिलं असतं, तर दाखवायला माझ्याकडे काय उरलं असतं?

उपचारांचा खर्च मंजूर झाला. अर्धवट राहिलेल्या कोर्सची फी आणि वाया गेलेलं राहण्याचं भाडं मिळालं नाही. अपघात विम्यात ते धरलेलंच नव्हतं, त्यासाठी प्रवास रद्द होण्याचा वेगळा विमा असतो. स्कूलने उरलेले डाइव्ह पुढे करू देण्याचं मान्य केलं.

कान बरा झाल्याचं पत्र हातात आलं तोवर पॉलिसीची मुदत संपली होती. नवी घेताना मागच्या वर्षातल्या दुखापतींच्या रकान्यात सगळं लिहिलं आणि ते पत्र जोडलं. कानाबाबत कोणतीही अट न घालता पॉलिसी आली, या वेळी तिच्यात प्रशिक्षणातले डाइव्ह नावानिशी नमूद होते.