पॅडल मार आधी

आठवडाभर गाडी किरकिरत होती. ब्रेकवर पाय ठेवला की पुढच्या डाव्या चाकातून, फळ्यावर नख ओढावं तसा बारीक आवाज यायचा. तो अण्णांना फोनवर ऐकवला. अण्णांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं, आवाजावरून रोग ओळखायची खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

"पॅड संपलं. त्याला पत्र्याची एक जीभ असते. लायनिंग झिजलं की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, घासते आणि बोंबलते. मुद्दामच ठेवतात, माणसं वाकून बघत नाहीत म्हणून."

"गॅरेजला टाकते उद्या."

"टाक की. नाहीतर रविवारी मी साताऱ्यात फोन धरून बसतो, तू तिथं खाली बस."

रविवारी पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि गाडी उचलायच्या आधीच नट सैल केले. जॅकनंतर खाली स्टँड हवाच, असा अण्णांचा हट्ट. जॅकवर गाडी उचलायची असते, ठेवायची नसते म्हणे. तिसऱ्या मजल्यावरचे काका थांबले. "मिस्टर बाहेरगावी का?" म्हटलं, "नाही, वर झोपलेत."

चाक निघालं आणि मी बघतच राहिले. आठ वर्षं जिच्या भरवशावर लेकीला शाळेत सोडलं, ती वस्तू तळहाताएवढी! लोखंडी पाटी आणि तिच्यावर चिकटवलेला काळपट थर. नव्या पॅडवर हा थर साधारण दहा मिलिमीटरचा असतो. माझ्या बाहेरच्या पॅडवर तीनेक उरला होता, आतल्यावर जवळपास काहीच नाही. पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. तो ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून अडकली होती, त्यामुळे सगळा भार एकट्या आतल्या पॅडने सोसला. बाहेरून डोकावणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असतं. डिस्कवर आतून तारेच्या घासणीने ओढाव्यात तशा खोल रेघा. डिस्कही बदलायची, तीही दोन्ही बाजूंची, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते.

कॅलिपर काढून तो तारेने स्प्रिंगला टांगला. रबरी नळीवर लोंबकळू दिला तर नळी आतून फाटते आणि बाहेरून कळतही नाही. त्याला धरणारं ब्रॅकेट निघालं. डिस्क मात्र हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, गंजाने अशी धरून बसली होती की हातोड्याच्या दहा घावांत सोसायटीच्या ग्रुपवर "पार्किंगमध्ये काय चाललंय?" असा मेसेज आला. अण्णा शांत. "डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं दिसतात? ती उगाच नाहीत." हार्डवेअरवाल्याकडून आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट आणले, त्यात आलटून पालटून पिळले. टक्क! डिस्क मांडीवर.

एक हिशेब मला फार आवडतो. एक टनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली की जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात पाचेक कप चहाचं पाणी उकळेल. वेग कुठे जात नाही, तो डिस्कमध्ये तापतो आणि वाऱ्यावर सुटतो. आम्ही राहतो पुण्यात, नवले पुलाजवळ. नवीन कात्रज बोगद्यापासून पुलापर्यंतचा तो उतार वर्तमानपत्रामुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडायचा, मग सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेक तापून ढिले पडतात आणि दुसऱ्या दिवशी बातमीत "ब्रेक फेल". अण्णांचा याला जुनाच जवाब आहे : ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं.

नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसला. पिना साफ करून ग्रीस लावलं. कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा पिस्टन सुताराच्या क्लँपने हळूहळू आत दाबला. बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल वर चढताना दिसलं. तिथे फडकं हाताशी हवं, कारण ते सांडलं की रंग खातं.

उजवं चाक अर्ध्या वेळेत झालं. किल्ली फिरवणार, तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "पॅडल मार आधी!"

पाय ठेवला. पॅडल कुठेही न अडता थेट तळाला गेलं.

पोटात गोळा आला. पिस्टन मागे ढकललेला होता, तो पॅडला भिडेपर्यंत असंच होणार, हे माहीत होतं. पण माहीत असणं डोक्यात आणि पाय पोकळीत. दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा किंचित अडलं, पाचव्यांदा दगडासारखं घट्ट. काम करताना भीती वाटली नव्हती, ती आत्ता वाटली. गाडी तशीच गेटबाहेर, उतारावर काढली असती तर?

आधी पार्किंगमध्येच चालीच्या वेगाने चारदा थांबवून पाहिली. मग सर्व्हिस रोडला जाऊन पॅड-डिस्क एकमेकांना सरावाव्यात म्हणून वीसेकदा हलके ब्रेक मारले. नव्या डिस्कचा वास येत होता, किरकिर नव्हती.

रात्री साडेदहाला फोन. "नट परत आवळलेस का?"

"हो," म्हणाले आणि पाना घेऊन खाली गेले. सात नट जागचे हलले नाहीत. आठवा पाव फेरा फिरला. अण्णांना ते अजून सांगितलेलं नाही.