पाळी : नियमित

तिच्या बोटावरचा कापूस खाली पडला तेव्हा मी पुढच्या मुलीची उंची लिहीत होते. टोचून दहा मिनिटं तरी झाली होती. कापूस पूर्ण भिजलेला, बोटातून अजून झिरपत होतं आणि वहीच्या खाकी कव्हरवर तीन थेंब पडले होते. कोणी बघायच्या आत ती ते ओढणीनं पुसत होती. हात सवयीचा वाटला.

उत्तर नागपुरातली शाळा, नववीचा वर्ग, सप्टेंबरचा चिकट उकाडा. शाळा तपासणी म्हणजे वजन-उंची, असं लोकांना वाटतं. खरी कटकट बोट टोचण्यात आहे. पहिला थेंब पुसायचा, दुसरा पट्टीला लावायचा आणि बोट पिळायचं नाही. पिळलं की पेशींच्या आजूबाजूचं पाणी रक्तात उतरतं आणि हिमोग्लोबिन खोटंच कमी दिसतं. रांग लांब झाली की सगळेच पिळतात. हिचं 6.8 आलं म्हणून मी स्वतः उजव्या हाताचं बोट टोचलं, न पिळता. 6.9. या वयाच्या मुलीला 12 हवं. 8 च्या खाली म्हणजे तीव्र ॲनिमिया, तिथे गोळ्या देऊन घरी पाठवायचं नसतं.

गेल्या वर्षीच्या कार्डावर शेरा होता : ‘रक्त कमी. सिकल एएस.’ नागपुरात रक्त कमी म्हटलं की पहिला शब्द सिकल, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भात आजार आहेच, तपासणी हवीच. पण एसएस म्हणजे आजार आणि एएस म्हणजे फक्त वाहक, आणि नुसतं वाहक असल्यानं कोणाचं हिमोग्लोबिन सातवर येत नाही. हे आमच्यातल्याच काहींना दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. एएस सापडलं की कारण सापडलं, फाईल बंद. पुढच्या रकान्यात टिक होती : ‘पाळी : नियमित.’

ती टिक खोटी नव्हती. अठ्ठावीस दिवसांनी येते. किती दिवस जाते, हे कोणी विचारलंच नव्हतं.

“नऊ. कधी दहा.”

“दिवसाला पॅड किती लागतात?”

“दोनच लागते मॅडम.”

दोन म्हणजे ठीक, असं लिहून पुढे जाता आलं असतं. फॉर्म तर तेवढंही विचारत नाही. पण दोन पॅडवाल्या मुलीचं हिमोग्लोबिन 6.9 कसं? “अन् मधात?” असं विचारल्यावर खरं बाहेर आलं. मधात कपडा. पॅड मोजकेच, ते पाळीभर पुरवायचे, म्हणून एक शाळेत जाताना आणि एक रात्री. बाकी वेळ जुन्या साडीचा तुकडा, चार घड्या घालून, दिवसातून चार-पाचदा बदललेला. रात्री दोनदा उठते. पहिले दोन दिवस शाळा बुडते. गाठी? जुन्या रुपयाच्या नाण्याएवढ्या, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या, पडल्या तरी आम्ही कान टवकारतो. ती म्हणाली, “लिंबाएवढ्या.”

यासाठी माझ्या पिशवीत 20 मिलीची सिरिंज, खायचा लाल रंग आणि कॉर्नफ्लॉवर असतं. नुसतं रंगीत पाणी पॅडवर भराभर पसरतं आणि फसवतं. थोडं दाट केलं की डाग खऱ्यासारखा उठतो. मुलींसमोर 5 मिली ओतायचं आणि विचारायचं, किती असेल? उत्तर नेहमी ‘अर्धा कप’. सर्वसाधारण पाळीत सगळ्या दिवसांचं मिळून 30-40 मिली रक्त जातं, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे. 80 च्या वर गेलं की ते जास्त. शिवाय जे जातं त्यात निम्म्याच्या आसपासच रक्त असतं, बाकी स्राव आणि अस्तर. म्हणून आधी डाग ओळखायला शिकवायचं, मग मोजायला. जेमतेम डागाळलेल्या पॅडला 1 गुण, मध्यम 5, पूर्ण भिजलेल्याला 20. लहान गाठीला 1, मोठीला 5. बेरीज 100 च्या वर गेली तर डॉक्टर. 1990 पासूनची ही पद्धत, कागद-पेन्सिलीवर होते. कपड्याला हे गुण तसेच लागू होत नाहीत, पण तिनं कपडा पॅडसारखाच धरून मागच्या पाळीची आठवून बेरीज केली, ती 300 च्या पुढे गेली.

शाळेत दर सोमवारी मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेत होती, हेही नोंदवते. मुली गोळ्या फेकतात हे आमचं ठरलेलं उत्तर इथे चाललं नाही. हिशोब करून बघा. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह, अंगी लागतं त्याचा दहावा हिस्सा धरा. महिन्याच्या चार गोळ्यांतून चोवीसेक मिलिग्रॅम. आणि 80 मिली चांगलं रक्त गेलं की 40 मिलिग्रॅम लोह गेलं. हिचं त्याहून कितीतरी जास्त जात होतं. त्यात गोळी पोहे-चहासोबत, म्हणजे उरलेलं चहानं अडवलं. टाकीला भोक असताना आम्ही नळ किती सोडायचा यावर बैठका घेतो. आणि हो, कोणीतरी तिला बीट खायला सांगितलं होतं. बीट लाल असतं, एवढंच; शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही लोह नसतं.

आई दुपारी आली. मी सांगत गेले तशी ती हसायलाच लागली. “आमच्या घरी असंच राह्यते जी. माही बी अशीच होती, माह्या आईची बी.” मग ओघात सांगितलं, की तिची पिशवी एकतिसाव्या वर्षी काढली, अंगावर जायचं म्हणून. मावशीची दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबेना. मुलीचा घोणा फुटतो, उन्हाळ्यात नेहमी. “उष्णतेनं होते ना ते?”

तेव्हा मला बोटावरचा कापूस पुन्हा आठवला.

पहिल्या पाळीपासूनच जास्त जाणं, नाकातून रक्त, दाढेनंतर न थांबणं आणि घरातल्या बायकांची तीच तऱ्हा, एवढं एकत्र आलं की फॉन विलेब्रांड आजार तपासायचाच. रक्त गोठवायला लागणारं एक प्रथिन कमी असतं. ज्या फिनिश डॉक्टरनं 1926 मध्ये हा आजार मांडला, त्याची पहिली रुग्ण ऑलंड बेटांवरची लहान मुलगी होती. ती तेरा वर्षांची असताना चौथ्या पाळीत रक्त जाऊन गेली.

मोठ्या रुग्णालयात फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप, 4 आलं, साठा जवळपास संपलेला. गोठण्याच्या साध्या चाचण्या नॉर्मल, आणि तिथल्या निवासी डॉक्टरनं तेवढ्यावर ‘रक्तस्रावाचा आजार नाही’ लिहून टाकलं. या आजारात त्या नॉर्मल येऊ शकतात. त्या प्रथिनाची पहिली चाचणी काठावर आली, कारण मुलगी घाबरून रडत होती आणि ताणात ते तात्पुरतं वाढतं. दीड महिन्यानं शांतपणे पुन्हा घेतली, तेव्हा स्पष्ट कमी.

उपचार साधे. पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवसांत रक्त जाणं कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड, 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवसच. लोह रोज, चहाशिवाय. संत्र्याचे दिवस होते, गोळीबरोबर संत्रं. पोट दुखलं तर पॅरासिटामॉल. शाळेतल्या बाई तिला पोटदुखीवर मेफेनामिकची गोळी देत. इतर मुलींना त्यानं दुखणं आणि जाणं दोन्ही कमी होतं. हिच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, त्यानं आणखी ढिल्या पडत होत्या. बाईंचं काय चुकलं? तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 10.4.

निदान सांगितलं तेव्हा आईनं एकच विचारलं, “मंग माही पिशवी काहून काढली जी?” सोबतच्या सिस्टरनं विषय बदलला. मीही बदलू दिला.

धाकटी दहा वर्षांची आहे, पाळी अजून यायची आहे. तिची आणि आईची चाचणी बाकी आहे. आईचं म्हणणं, आता मला काय करायचं. मोठीच्या कंपासपेटीत एक कागद घडी करून ठेवलाय : आजाराचं नाव, ॲस्पिरिन नको, दात काढण्याआधी सांगणे. फॉर्ममधला रकाना तोच आहे. त्याच्या बाजूच्या कोऱ्या जागेत मी ‘किती दिवस, मधात काय, रात्री उठते का’ असं पेनानं लिहिते. डेटा एंट्रीवाल्याचा दोनदा फोन आला, की हे कुठे भरायचं.