आमची वाटचाल: वेबलीच्या माणसांसोबत

कोल्हापुरातलं आमचं दुकान परवान्याच्या शस्त्रांची विक्री, दुरुस्ती आणि जमा-ठेव करतं. आता तिसरी पिढी आहे. मी दुरुस्तीच्या टेबलावर असतो, चुलत बहीण रजिस्टरं सांभाळते. (आमच्या धंद्यात रजिस्टरचं मोल टेबलाइतकंच आहे.) एवढंसं दुकान कशावर तगलं, असं लोक विचारतात. खरं उत्तर एकच. वेबली अँड स्कॉट या इंग्लिश कंपनीच्या .३२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप) रिव्हॉल्व्हरवर आणि ते जिवापाड जपणाऱ्या माणसांवर.

आजोबांच्या काळात चित्र वेगळं होतं. गिऱ्हाईक म्हणजे शिकारी, नाहीतर पीकसंरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी. बारा बोअरची दुनळी, काडतुसांच्या पेट्या आणि घाटाखालच्या गावांतून येणाऱ्या ठासणीच्या बंदुका, एवढाच पसारा. दाजीपूरचं जंगल १९५८ सालीच अभयारण्य झालं होतं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा धंदा संपला. तो संपला हे बरंच झालं, असं आजोबाही म्हणायचे. पण दुकानाचा मोठा आधार गेला हेही खरं. शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकांनी तेव्हा आम्हाला तारलं.

वडिलांच्या हाती कारभार आला त्या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. १९८० च्या दशकाच्या मध्यात सरकारने सर्वसामान्य परवानाधारकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद केली. म्हणजे देशात जेवढी इंग्लिश रिव्हॉल्व्हरं होती तेवढीच उरली. नवं येणार नाही, सुटे भाग येणार नाहीत. वडिलांनी तेव्हाच ठरवलं की विक्रीच्या मागे धावायचं नाही, दुरुस्तीत हात बसवायचा.

या रिव्हॉल्व्हरचं माणसांना इतकं वेड का, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. वेबली हे बर्मिंगहॅमचं घराणं. १८८७ साली ब्रिटिश सैन्याने त्यांचं .४५५ चं मार्क वन रिव्हॉल्व्हर स्वीकारलं, १८९७ साली स्कॉट घराण्याशी एकत्र येऊन वेबली अँड स्कॉट झालं. पुढे .३८ चं मार्क फोर आलं, दुसऱ्या महायुद्धात ते खूप वापरलं गेलं. आपल्या कोल्हापूर-साताऱ्याकडे फौजी घरं पुष्कळ. नोकरीत .३८ पाहिलेला, वापरलेला माणूस निवृत्त होऊन गावी आला की त्याला तसंच हवं असायचं. पण .३८ आणि .४५५ हे आपल्या कायद्यात निषिद्ध बोअर, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. मग त्याच घडणीचं, .३२ चं मार्क फोर. फौजी मंडळींकडून ही आवड वकिलांकडे, डॉक्टरांकडे, बागायतदारांकडे गेली.

हे डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर. अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवला तर चाप अगदी हलका लागतो. घोड्याला हात न लावता नुसता चाप ओढला तर त्या एकाच ओढीत काडतुसांचं सिलिंडर एक घर फिरतं, घोडा मागे जातो आणि सुटतो. १८५० च्या दशकात लंडनच्या अ‍ॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ब्यूमाँट नावाच्या लष्करी इंजिनिअरने या दोन्ही सोयी एकत्र आणल्या. कल्पना तेव्हापासूनची, पण ओढ कशी लागते हे घडवणाऱ्याच्या हातावर असतं. चांगल्या वेबलीची लांब ओढ विहिरीवरच्या रहाटाने भरलेली घागर वर यावी तशी येते. जड, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. मध्ये अडखळत नाही, शेवटी धक्का देत नाही. रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, डमी काडतुसं घालून, मी ती ओढ गिऱ्हाइकाला दाखवतो. ज्याला कळायचं त्याला तिथेच कळतं.

दुसरी गोष्ट उघडण्याची. घोड्याजवळची रिकिबीच्या आकाराची कडी अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते आणि मधली चांदणी काडतुसांची सहाही टोपणं एकदम वर उचलते. मालक मंडळींना हे फार प्रिय. मला त्यात सगळ्यात मोठी सोय सुरक्षिततेची वाटते. उघडलेलं रिव्हॉल्व्हर समोरच्याला लांबूनही उघडलेलं दिसतं. आमच्या काउंटरवर शस्त्र उघडूनच ठेवायचं, हा आजोबांपासूनचा नियम आहे.

दुरुस्तीला येतं ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी दुखत असतं. कडी झिजलेली असते आणि नळीचा सांधा हलतो. किंवा सिलिंडर नेमक्या जागी थांबत नाही, त्यामुळे घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. अशा शस्त्रातून बार काढणं धोक्याचं. किंवा मग मुठीतली व्ही आकाराची स्प्रिंग तुटलेली. ही स्प्रिंग वडील पोलादाच्या पट्टीतून हाताने घडवायचे. घासायची, वाकवायची, तापवून पाणी द्यायचं, मग कडकपणा थोडा उतरवायचा. पाणी जास्त झालं तर तुटते, कमी झालं तर बसते. मी त्यांच्या शेजारी उभं राहून शिकलो. आज दुकानाची जी काही ओळख आहे ती या स्प्रिंगमुळे आहे, असं मी अभिमानाने सांगतो.

आणि गंज. आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. जुने मालक रिव्हॉल्व्हर कातडी होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवतात, कारण होल्स्टरही वडिलोपार्जित असतं. कातडं ओल धरतं, कमावताना वापरलेली द्रव्यंही त्यात असतात, आणि चार महिन्यांत निळ्या पॉलिशवर तांबूस ठिपके उठतात. होल्स्टर शेजारी ठेवा, शस्त्र कोरड्या, तेलाचा हात फिरवलेल्या सुती कापडात कुलपाआड ठेवा, हे प्रत्येकाला सांगतो.

एका गोष्टीला मात्र आम्ही साफ नकार देतो. जुनं वेबली चकचकीत करून मागणारे येतात. निकेलचा मुलामा द्या, घासून नवं करा म्हणतात. बाहेरून असं काम करून आणलेलं एक रिव्हॉल्व्हर मी पाहिलं आहे. पंखवाल्या गोळीचा वेबलीचा शिक्का पुसट, बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे शिक्के अर्धे गेलेले आणि नंबरही अस्पष्ट. ते प्रूफ हाउस १८१३ पासून शस्त्रं पारखतंय. त्याचा शिक्का म्हणजे या नळीने चाचणी सोसली आहे याची खूण. आणि नंबर पुसणं तर कायद्याने गुन्हाच. त्या मालकाला पुढे परवान्याच्या कामात किती हेलपाटे पडले, ते त्यालाच माहीत.

आमच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग वारसांचा. परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागतं, मग वारसाने आपल्या नावाने परवाना मागायचा. बहुतेक वेळा मुलगा येतो, कधी सून, कधी नातू. शस्त्राची माहिती शून्य, पण ‘हे बाबांचं आहे, विकायचं नाही’ एवढं पक्कं असतं. बहीण त्यांना बसवून पावती करते, नंबर दोघांसमोर वाचून घेते, कागद समजावते. २०१६ च्या शस्त्र नियमांपासून सुरक्षेचं प्रशिक्षणही आवश्यक आहे. आम्ही त्याची किरकिर करू देत नाही. वडिलांचं शस्त्र हवं तर ते नीट धरताही आलं पाहिजे.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवण्याची मुभा राहिली. आधीच्या मसुद्यात तर एकच होतं. ज्यांच्याकडे तीन होती त्यांनी तिसरं जमा केलं किंवा विकलं. आमच्याकडे त्या काळात रायफली आल्या, दुनळ्याही आल्या. वेबली घेऊन कोणी आल्याचं मला आठवत नाही. त्याच दुरुस्तीने लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्यालाही शिक्षेची तरतूद केली. हे खूप आधी व्हायला हवं होतं. शस्त्रावर प्रेम असलेला माणूस ते मांडवात मिरवत नाही.

आता नव्याविषयी. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर वेबलीच्याच घडणीवर बेतलेलं. २०१४ साली कानपूरहूनच हलकं ‘निर्भीक’ आलं. २०२० पासून वेबलीच्या नावाने हरदोई जिल्ह्यात, संडीला इथे भारतातच .३२ तयार होऊ लागलं. २०२३ साली बाजूला सिलिंडर उघडणारं ‘प्रबल’ आलं. नवं घेणाऱ्याला मी भारतीयच सुचवतो. सुटे भाग मिळतात आणि काडतूसही इथलंच, खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं, केएफ शिक्क्याचं. जुन्या इंग्लिश वेबलीची किंमत टंचाईने वाढली आहे, सगळ्याच नगांची प्रकृती त्या किमतीला साजेशी नसते. कडी आणि सिलिंडर तपासल्याशिवाय नुसत्या ‘मेड इन इंग्लंड’ला भुलू नये.

वर्षातला आमचा सगळ्यात आवडता काळ नवरात्राचा. खंडेनवमीला शस्त्रपूजा, म्हणून त्याआधी सफाईसाठी रीघ लागते. तलवारी घरीच पुसल्या जातात, रिव्हॉल्व्हर मात्र आमच्याकडे येतं. त्या दिवसांत काउंटरवर एकमेकांना न ओळखणारे दोन मालक आपापलं वेबली उघडून शेजारी ठेवतात आणि नंबर, सालं, नळीची लांबी यावर बोलत बसतात. चहा आम्ही देतो.

यंदाही सफाईचं काम घटस्थापनेपासून घेऊ. येताना परवान्याची मूळ प्रत आणि यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) आणावा, काडतुसं घरी कुलपात ठेवावीत, शस्त्र रिकामं करून पेटीत आणावं. स्प्रिंगचं काम असेल तर आधी दाखवून जावं, ती घडवायला वेळ लागतो.