जाळण्यापेक्षा कुणा गरजूला दिले असते तर?

बिटकॉइनविषयी बोलायला जाते तिथे शेवटी हा प्रश्न येतोच: निषेध म्हणून काही लोक क्रिप्टो ‘जाळतात’, म्हणजे कायमचं नष्ट करतात, त्यापेक्षा ते पैसे कुणा गरजूला दिलेले काय वाईट? प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून २०२२ चं एक प्रकरण सांगते.

रशियाने युक्रेनवर हल्ला करण्याच्या काही दिवस आधी, १२ फेब्रुवारीपासून, कुणी एक अनामिक माणूस बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या व्यवहारांच्या वहीत, रशियन भाषेत आरोप नोंदवू लागला. अमुक पत्ते (बिटकॉइनची खातीच म्हणा) जीआरयू, एफएसबी, एसव्हीआर या रशियन गुप्तचर संस्थांचे आहेत, हॅकिंगसाठी वापरले जातात, असं त्याचं म्हणणं. असे एकूण ९८६ पत्ते. आणि हे लिहिता लिहिता त्याने ३ लाख डॉलरहून जास्त किमतीचे बिटकॉइन संपवून टाकले.

ते कसे? व्यवहारात ओपी-रिटर्न नावाची एक नोंद करता येते. तिच्यात तेव्हा ८० बाइटांचा मजकूर पाठवता यायचा. देवनागरीत लिहायचं तर जेमतेम २६ चिन्हं, कारण आपल्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलासुद्धा, ३ बाइट लागतात. या नोंदीपुढे लोक एरवी रक्कम शून्य ठेवतात. याने तिथे खरे बिटकॉइन ठेवले. ती रक्कम पुन्हा कधीच खर्च करता येत नाही, तसा नियमच आहे. बिटकॉइन खर्च करायला लागणारी गुप्त चावी हरवली, तर ती निदान सापडू तरी शकते. इथे चावीच नसते.

जवळजवळ फुकटात लिहिता आला असता असा आरोप त्याने एवढे पैसे घालवून लिहिला, तो लोकांनी दखल घ्यावी म्हणून, असं मला वाटतं. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपात रस्त्यावर दूध ओतलं गेलं, तेव्हाही हाच प्रश्न निघाला होता. ते दूध वाटलं असतं तर दुधाच्या भावाबद्दल कोण बोललं असतं?

मात्र पैसे जाळले म्हणून आरोप खरा ठरत नाही, हे मी दरवेळी ठासून सांगते. ब्लॉकचेनवरच्या व्यवहारांचा माग काढणाऱ्या चेनालिसिस या कंपनीने २०२३ मध्ये हे प्रकरण मांडलं, तेव्हा वजन होतं ते वेगळ्याच गोष्टीला. त्यातल्या किमान तीन पत्त्यांचा रशियाशी संबंध आधीच जोडला गेला होता. दोन सोलरविंड्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीवरच्या सायबर हल्ल्याशी निगडित, तर तिसऱ्यावरून २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीतल्या अपप्रचारासाठी सर्व्हरचे पैसे भरलेले. आरोप केलेल्या काही पत्त्यांच्या चाव्याही याच्या हाती लागल्या असाव्यात, असं दिसतं. म्हणजे गेलेला पैसा सगळा त्याचाच होता, असंही नाही.

२४ फेब्रुवारीला हल्ला झाला. त्यानंतर त्याने जाळणं थांबवलं आणि युक्रेनच्या मदतीसाठीच्या पत्त्यांवर बिटकॉइन पाठवायला सुरुवात केली. मला त्याचं दोन्ही पटतं, दुसरं जास्त.